जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकायचंय, पण कुठलं? नवख्या माणसाला जमेल असं सांगा

रामबागवाली
शनिवार, सकाळी ९:१०

नमस्कार मंडळी. इंदूरहून लिहितेय. आमच्याकडे २०१५ सालचा एक लॅपटॉप आहे, आय थ्री, पाचव्या पिढीचा, चार जीबी रॅम आणि ती जुनी फिरणारी हार्ड डिस्क. तो वापरतात माझे सासरे, अण्णा. वय ७८. गेली सहा वर्षं रोज सकाळी चहा झाला की ते जुन्या इंदूरच्या आठवणी टाइप करत बसतात, तीनशेच्या वर पानं झाली आहेत. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ११ हे मशीन घेत नाही (टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, प्रोसेसरही यादीत बसत नाही), दुकानात विचारलं तर एकच उत्तर, नवीन घ्या. अण्णा म्हणतात चालतंय ते का टाकायचं. मलाही पटतं ते.

म्हणून लिनक्स टाकावं असं मनात आलं आणि शोधायला बसले तर नावंच संपेनात. उबुंटू, मिंट, झोरिन, फेडोरा, डेबियन, एमएक्स, आर्च, आणि प्रत्येकाखाली कुणीतरी लिहिलेलं की हेच घ्या बाकी सोडा. दोन रात्री वाचून मी होते तिथेच आहे. मी नववी-दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते, एक्सेल येतं, पेन ड्राइव्ह फॉरमॅट करता येतो, त्यापुढे काही नाही. तर जिने आजवर एकदाही ऑपरेटिंग सिस्टिम टाकलेली नाही तिला स्वतःच्या हाताने जमेल असं कुठलं? आणि मुळात इतके प्रकार आहेत तरी कशाला? अट एकच, अण्णांचं एकही पान जायला नको.

पोहेजलेबी
शनिवार, सकाळी ९:२२

मिंट. पुढची चर्चा न वाचता टाकलंत तरी चालेल.

देवासनाका
शनिवार, सकाळी ९:४१

मिंटला माझंही मत. पण त्यातही डेस्कटॉपचे, म्हणजे खिडक्या-मेन्यूच्या रूपाचे, तीन प्रकार मिळतील, सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई, तुम्ही एक्सएफसीईच घ्या. सिनॅमन दिसायला छान आहे पण चार जीबीत ब्राउझरच्या सात-आठ टॅब उघडल्या की हार्ड डिस्क कुरकुरायला लागते. मिंट २२ हे उबुंटू २४.०४ वर उभं आहे, २०२९ पर्यंत सुरक्षेचे अपडेट येत राहतील, तोवर अण्णांना मशीन बदलायची गरज नाही.

सुदामानगरकर
शनिवार, सकाळी १०:०५

मी झोरिन सुचवेन. आयर्लंडचं आहे, २००९ पासून चालू आहे, विंडोजवरून येणाऱ्या लोकांसाठीच बनवलंय, खालची पट्टी, कोपऱ्यातला मेन्यू सगळं ओळखीच्या जागी. त्यांनी झोरिन १८ आणलं तेसुद्धा नेमकं १४ ऑक्टोबर २०२५ ला, म्हणजे विंडोज १० ज्या दिवशी संपलं त्याच दिवशी. माझ्या आईला मी लावून दिलं, ती भजनांचे व्हिडिओ बघते, भावाशी व्हिडिओ कॉल करते, आजपर्यंत तिने एकदाही विचारलं नाही की हे काय बदललंस. वय झालेल्या माणसाचा हात ज्या जागेवर जातो ती जागा बदलायची नाही, हे मी फार महत्त्वाचं मानतो.

देवासनाका
शनिवार, सकाळी १०:१८

@सुदामानगरकर, झोरिन चांगलंच आहे, पण फिरत्या डिस्कवर आणि चार जीबीत नेहमीचं झोरिन जड जातं बघा.

टर्मिनलकाका
शनिवार, सकाळी ११:३०

ताई, नाव नंतर ठरवू. आधी एक गोष्ट लक्षात घ्या जी विंडोजवाल्यांना बहुतेक माहीत नसते. लिनक्स टाकायच्या आधी वापरून बघता येतं. पेन ड्राइव्हवरूनच सुरू होतं, तुमच्या हार्ड डिस्कला हातही लागत नाही. आठ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या, मिंटची आयएसओ फाइल (अख्खी सिस्टिम एका फाइलमध्ये बांधलेली) साधारण तीन जीबीची असते ती त्यांच्या साइटवरूनच उतरवा, विंडोजमध्ये रुफस किंवा एचर नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे त्याने पेन ड्राइव्ह तयार करा (साधं कॉपी-पेस्ट करून चालत नाही, पहिल्यांदा सगळे हेच करतात). मग लॅपटॉप बंद करून चालू करताना बूट मेन्यूचं (कशावरून सुरू व्हायचं ते विचारणाऱ्या यादीचं) बटण दाबायचं, कुठे एफ १२ असतं, कुठे एफ ९, कुठे एस्केप, चालू होताना पडद्याच्या कोपऱ्यात अर्धा सेकंद दिसतं.

आत गेलात की घाई करू नका. वायफाय लागतं का, आवाज येतो का, झाकण मिटून उघडलं की मशीन जागं होतं का, कॅमेरा, टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकतं का, आणि प्रिंटर असेल तर तो जोडून एक पान काढून बघा. हे सगळं पेन ड्राइव्हवरून चाललं तर डिस्कवर टाकल्यावरही चालणार. नाही चाललं तर मशीन बंद करा, पेन ड्राइव्ह काढा, विंडोज जसंच्या तसं आहे.

आणि व्हेंटॉय म्हणून एक आहे, ते पेन ड्राइव्हवर एकदा घातलं की त्यात मिंट, झोरिन, फेडोरा सगळ्यांच्या आयएसओ नुसत्या टाकून ठेवायच्या, चालू करताना यादी येते, हवं ते निवडायचं. एका दुपारी अण्णांना तिन्ही दाखवा. शेवटी बसायचं त्यांना आहे, निवडू दे त्यांना.

राजवाडा_२००४
शनिवार, दुपारी १२:१०

वरचा प्रतिसाद छापून भिंतीला लावण्यासारखा आहे.

होळकरकट्टा
शनिवार, दुपारी १:५५

मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सगळे मिंट मिंट करतायत पण आर्चबद्दल जी भीती घातली जाते ती जुनी झाली. एप्रिल २०२१ पासून आर्चच्या आयएसओमध्येच आर्चइन्स्टॉल नावाचं स्क्रिप्ट येतं, प्रश्न विचारतं, उत्तरं द्यायची, झालं. माझं वीस मिनिटांत झालं. आणि आर्चचं विकी इतकं चांगलं आहे की दुसरं काही वापरणारेही तेच वाचतात. जुन्या मशीनवर हवं तेवढंच टाकता येतं, फालतू काही नाही.

टर्मिनलकाका
शनिवार, दुपारी २:२०

@होळकरकट्टा, विकीबद्दल शंभर टक्के खरं, मीही तेच उघडतो. पण बाळा, टाकायला वीस मिनिटं लागली हे नवख्याच्या दृष्टीने सोपेपणाचं माप नाही. आर्च सतत बदलतं, त्याला आवृत्ती अशी नसते, रोज नवं येत राहतं. तीन महिने अपडेट न करता एकदम केलं तर आधी त्यांच्या साइटवर बातम्या वाचायच्या असतात की कुठे हाताने काही करायला सांगितलंय का. तू ते आनंदाने करशील. अण्णांच्या लॅपटॉपसाठी ते कोण करणार? ताई शिकवण्या सोडून करणार का? टाकणं एका दुपारचं असतं, सांभाळणं पाच वर्षांचं.

होळकरकट्टा
शनिवार, दुपारी २:३१

हे पटलं काका. अपडेटचा विचार मी केला नव्हता, मी तर रोजच करतो.

जिरावण
शनिवार, दुपारी ४:००

ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाला कुणी हातच लावला नाही, इतके प्रकार का. मला तो प्रश्न जास्त आवडला म्हणून सविस्तर लिहितो.

लिनक्स म्हणजे खरं तर फक्त गाभा, कर्नल. २५ ऑगस्ट १९९१ ला फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने एका चर्चागटावर लिहिलं की मी छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम करतोय. त्याच्या आठ वर्षं आधी, १९८३ मध्ये, रिचर्ड स्टॉलमनने ग्नू प्रकल्प जाहीर केला होता, त्यांच्याकडे अवजारं तयार होत होती पण गाभा पुरा होत नव्हता. दोन्ही एकत्र आलं आणि परवाना असा की कुणीही घ्या, बदला, वाटा, फक्त तुम्ही वाटाल त्याचा सोर्स कोडही द्या. आता गाभा, अवजारं, खिडक्या-मेन्यू, सॉफ्टवेअर टाकायची सोय हे सगळं जमवून वापरण्याजोगा डबा बांधायचा कुणी? ज्याला वाटेल त्याने. त्या डब्याला म्हणायचं डिस्ट्रो. जुलै १९९३ मध्ये स्लॅकवेअर, ऑगस्ट १९९३ मध्ये इयन मरडॉकचं डेबियन. २००४ मध्ये डेबियनवरून उबुंटू, २००६ मध्ये उबुंटूवरून मिंट. ती सगळी एका घराण्याची. रेड हॅटकडचं घराणं वेगळं, त्यात फेडोरा. आर्च २००२ चं, त्याचं घराणं तिसरं.

आपल्याकडचंच बघा ना. पोहे तेच. पण कुणी वरून जिरावण मसाला जास्त भुरभुरवतो, कुणी शेव आणि कच्चा कांदा, कुणी उसळ घालून उसळ पोहे करतो. पोहे भिजवायची पद्धत सगळ्यांची एकच, हात वेगळा.

आणि याचा नवख्याला उपयोग असा की मिंटमध्ये काही अडलं आणि उत्तर उबुंटूचं सापडलं तरी बहुतेक वेळा तेच चालतं. म्हणून ज्या घराण्यात माणसं जास्त, तिथे जावं.

प्रश्नचिन्ह
शनिवार, संध्याकाळी ५:१५

पोह्यांची उपमा ऐकायला गोड आहे पण मला ती मान्य नाही. पोहे जमले नाहीत तर दुसऱ्या गाडीवर जाता येतं, इथे पार्टिशन, म्हणजे डिस्कची वाटणी, चुकलं तर घरातले फोटो जातात.

मी एका शाळेतल्या बारा शिक्षकांना लिनक्स शिकवायला बसलो होतो. त्यातल्या निम्म्यांची उमेद पहिल्या तासातच गेली आणि ती लिनक्समुळे नाही गेली, निवडीमुळे गेली. कुठलं घेऊ, मग त्यात कुठला डेस्कटॉप, मग सॉफ्टवेअर डेब फाइलने घालू की फ्लॅटपॅकने की स्नॅपने की अ‍ॅपइमेज उतरवू. एकच प्रोग्राम चार वाटांनी येतो आणि चारही वाटांनी टाकला तर मेन्यूत चार वेळा दिसतो. इन्स्टॉलरसुद्धा सगळ्यांचे वेगळे, उबुंटूचा एक, फेडोराचा अ‍ॅनाकोंडा दुसरा, कित्येकांचा कॅलामारेस तिसरा, आणि पार्टिशनच्या पानावर प्रत्येकाची भाषा निराळी. आपण अनुभवी लोक ज्याला स्वातंत्र्य म्हणतो ते नवख्याच्या छातीवर येतं. हे आपण कबूल करत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जिरावण
शनिवार, संध्याकाळी ५:४०

@प्रश्नचिन्ह, बारा शिक्षकांचं वाचून वाईट वाटलं. पण मग तिथे निवड शिक्षकांपुढे ठेवायलाच नको होती असं नाही वाटत? केरळच्या सरकारी शाळांत कितीतरी वर्षं लिनक्स आहे. तिथे शिक्षकाला कुणी विचारत नाही कुठलं घेता, उबुंटूवर बेतलेलं एकच तयार करून सगळ्या शाळांना दिलंय, त्यात मल्याळमची सोय आधीच केलेली. आता बघा, ते तसं करता आलं ते परवाना मोकळा होता म्हणूनच ना. आपल्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेनेही डेबियन घेऊन बॉस लिनक्स असंच काढलं, भारतीय भाषांसाठी.

प्रश्नचिन्ह
शनिवार, संध्याकाळी ५:५२

केरळचं उदाहरण योग्य आहे. म्हणजे कुणीतरी जबाबदारी घेऊन एक निवडून द्यावं लागतं. माझं म्हणणं तेवढंच.

जुनाखांब
शनिवार, रात्री ८:३०

वाचून जुने दिवस आठवले. १९९६ च्या सुमारास पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्सची सीडी यायची. तेव्हा इन्स्टॉल करणं म्हणजे निळ्या पडद्यावर फक्त अक्षरं. चित्रांचा पडदा आणायचा तर मॉनिटरच्या आडव्या-उभ्या फ्रिक्वेन्सीचे आकडे हाताने भरायचे, ते आकडे मॉनिटरच्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असायचे आणि पुस्तिका घरी सापडायची नाही. चुकीचे आकडे घातले तर मॉनिटर खराब होईल अशी ताकीद स्पष्ट लिहिलेली असायची, मी एंटर दाबताना एक हात मॉनिटरच्या बटणावर ठेवलेला. मोडेम तर बहुतेक विंडोजपुरतेच बनवलेले, त्यामुळे सगळं जमलं तरी इंटरनेट नाही.

मग २००५ नंतर उबुंटूवाले मागेल त्याला सीडी फुकट पाठवायचे, टपालखर्चसुद्धा त्यांचा. परदेशातून पाकीट यायचं, आमच्या पोस्टमनने एकदा विचारलं मुलगा बाहेर शिकतो का. २०११ मध्ये ती योजना बंद झाली. मी दहा-दहा सीड्या मागवून वाटल्या आहेत. त्यातल्या एका मुलाने त्या सीडीवरूनच पहिला प्रोग्राम लिहिला, आज तो त्याच कामावर घर चालवतो.

सांगायचं म्हणजे ताई, आज तुम्हाला जे अवघड वाटतंय ते चार-पाच वेळा पुढे, पुढे दाबण्याइतकं उरलंय. बिनधास्त करा.

मुक्तबीएसडी
शनिवार, रात्री ९:४५

सगळे लिनक्सच धरून बसलेत म्हणून लिहितो, मोकळ्या सोर्सच्या ऑपरेटिंग सिस्टिम फक्त लिनक्सच्या नाहीत. फ्रीबीएसडी १९९३ पासून आहे. तिथे गाभा आणि भोवतालची अवजारं एकच मंडळी एकत्र बनवतात, डबा बांधणारा वेगळा नाही, त्यामुळे वर जो प्रकारांचा गोंधळ म्हणताय तो तिथे फार कमी. हँडबुक नावाची त्यांची पुस्तिका मी कादंबरीसारखी वाचली आहे. प्लेस्टेशन ४ च्या आत फ्रीबीएसडीवरून घेतलेलीच सिस्टिम आहे.

पण अण्णांसाठी नाही सुचवणार. इन्स्टॉलर अक्षरांचा आहे, डेस्कटॉप नंतर वेगळा घालावा लागतो, लॅपटॉपच्या वायफायचं तिथे लिनक्सइतकं सोपं नाही. घोस्टबीएसडीत डेस्कटॉप तयार मिळतो, पण तरी पहिलं पाऊल मिंटचंच असू दे. ज्याला आतून सिस्टिम समजून घ्यायची आहे (@होळकरकट्टा, तुला म्हणतोय) त्याने सुट्टीत जरूर टाकून बघावं.

कियोस्कवाला
रविवार, सकाळी ८:५०

एक व्यवहाराची गोष्ट. माझं ऑनलाइन फॉर्म भरण्याचं कियोस्क आहे. डिजिटल सहीचं टोकन, बायोमेट्रिक मशीन, टॅलीवाले ग्राहक, ही कामं मी विंडोजवरच ठेवली आहेत, कारण गर्दीच्या वेळी ग्राहकाला थांबा ड्रायव्हर शोधतो असं म्हणता येत नाही. बाकी दोन मशीन मिंटवर, त्यावर पोरं सीपीसीटी या संगणक परीक्षेच्या टायपिंगचा सराव करतात, व्हायरसची कटकट संपली. घरात कुणाला सहीचं टोकन किंवा टॅली लागत असेल तर विंडोज काढून टाकू नका, शेजारी ठेवा.

प्रिंटरही बघा. आमच्याकडचा एक लेझर प्रिंटर लिनक्सवर चालवायला मला तीन रविवार लागले, दुसरा नुसती वायर लावली आणि चालला.

वहीतलंपान
रविवार, सकाळी १०:१५

ताई, मी तुम्हाला हात जोडून एक सांगते. इन्स्टॉल करताना एक पान येतं, त्यावर विचारतात की विंडोजच्या शेजारी टाकू, की पूर्ण डिस्क पुसून टाकू, की दुसरं काही. त्या पानावर थांबा. उठा, पाणी प्या, पुन्हा वाचा. मी त्या पानावर घाईत पुसून टाकायचं निवडलं, मला वाटलं फक्त जुनं विंडोज पुसेल. डी ड्राइव्ह पण त्याच डिस्कवर होता. बहिणीच्या लग्नाचे फोटो त्यात होते आणि दुसरीकडे कुठेच नव्हते. पंधरा वर्षं झाली, ती अजून काही बोलत नाही, पण अल्बमचा विषय निघाला की मला आत काहीतरी होतं.

अण्णांची पानं आधी दोन ठिकाणी उतरवून ठेवा, एक पेन ड्राइव्ह घरी आणि एक दुसऱ्या कुणाच्या घरी. मगच बाकी सगळं.

टर्मिनलकाका
रविवार, सकाळी १०:३०

वहीतलंपान यांनी लिहिलं ते या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं. भर एवढीच की बॅकअप घेतला की त्यातली एक फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. न उघडलेला बॅकअप मी धरत नाही.

रामबागवाली
रविवार, दुपारी ३:२०

इतके प्रतिसाद बघून भरून आलं. मिंट एक्सएफसीई ठरवलंय. वहीतलंपान, तुमचं वाचून मी आधी दोन पेन ड्राइव्हवर सगळं उतरवलं, एक नणंदेकडे दिला. आणि काकांनी सांगितलं म्हणून माझ्या लॅपटॉपवर फाइल उघडली, तर सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं! एक शब्द मराठी नाही. माझ्या पोटात गोळा आला. फाइली खराब झाल्या का?

लेखणीवाला
रविवार, दुपारी ३:४५

घाबरू नका, फाइली ठीक आहेत. अण्णांनी युनिकोडच्या (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी आजची पद्धत) आधीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलंय. त्या फॉन्टांत आतून इंग्रजी अक्षराचाच क्रमांक असतो, फक्त त्या जागी चित्र मराठीचं काढलेलं असतं. फॉन्ट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. मी पंचवीस वर्षं डीटीपी केलंय, हे दर आठवड्याला कुणीतरी घेऊन येतं.

आता क्रमाने सांगतो. विंडोज चालू आहे तोवर प्रत्येक प्रकरणाची पीडीएफ काढून घ्या, पीडीएफमध्ये फॉन्ट बरोबर जातो, ती कुठेही वाचता येईल. मग विंडोजच्या फॉन्टच्या फोल्डरातून त्या फॉन्टची फाइल पेन ड्राइव्हवर घ्या. मिंटमध्ये गेल्यावर ती होममधल्या फॉन्टच्या फोल्डरात ठेवली की लिब्रेऑफिसमध्ये मजकूर पुन्हा मराठी दिसेल, पानं थोडी खालीवर होतील एवढंच. नवीन लिखाण मात्र आता युनिकोडमध्येच करा. अण्णा टाइप कसं करतात? इनस्क्रिप्ट की टाइपरायटरसारखं?

रामबागवाली
रविवार, दुपारी ४:०२

विचारलं. म्हणाले, इनस्क्रिप्ट. ‘क के वर आणि प एच वर’ असंही सांगितलं.

लेखणीवाला
रविवार, दुपारी ४:१०

मग निम्मी लढाई जिंकलात! इनस्क्रिप्ट भारत सरकारचं प्रमाण आहे, १९९१ चं, म्हणजे लिनक्सच्याच वयाचं, आणि ते सगळ्या सिस्टिमांवर तसंच आहे. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट जोडायला गेलात की मराठी सापडेल. फक्त एक गोष्ट अण्णांना दाखवा. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ‘वाऱ्यावर’ मधला तो चंद्रकोरीसारखा र वेगळ्या बटणावर असायचा. आता शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरक्या रेघेचं बटण. ऱ्य. आणि ळ शिफ्ट धरून एन. हे दोन जमले की मराठी माणसाचं काही अडत नाही.

पोहेजलेबी
रविवार, दुपारी ४:२५

मी दहा वर्षं ‘वार्‍यावर’ कुठूनतरी कॉपी करून चिकटवत होतो. लेखणीवाला, छप्पन दुकानला पोहे माझ्याकडून.

रामबागवाली
मंगळवार, रात्री १०:४०

टाकलं! मी, स्वतः! आता सगळं सांगते, म्हणजे दुसऱ्या कुणाला उपयोग होईल.

सोमवारी अण्णांना पेन ड्राइव्हवरून मिंट आणि झोरिन दोन्ही दाखवलं. झोरिन दिसायला आवडलं पण हळू चालत होतं, मिंटवर म्हणाले हे बरं आहे, अक्षर मोठं करून दे. आवाज, कॅमेरा, झाकण सगळं ठीक. वायफाय मात्र दिसेचना. इथे मी सोडूनच देणार होते, पण मुलगा म्हणाला मोबाइल वायरने जोडून टेदरिंग कर, ते केल्याबरोबर कोपऱ्यात नेट आलं, मग ड्रायव्हर मॅनेजर उघडलं तर त्यात वायफायचा ड्रायव्हर नावानिशी दिसत होता, निवडला, उतरला, सुरू.

आज इन्स्टॉल. त्या पानावर खरंच उठले आणि पाणी प्यायले. विंडोजच्या शेजारी हे निवडलं, मधली रेघ सरकवून लिनक्सला शंभर जीबी दिले. मध्येच सिक्युअर बूटसाठी (मशीन सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) एक पासवर्ड मागितला, तो कागदावर लिहून ठेवला आणि बरं झालं, कारण पुन्हा सुरू होताना निळा पडदा आला आणि तोच विचारला. एकूण पन्नास मिनिटं लागली.

आता एक अडचण. मिंटमध्ये वेळ बरोबर आहे पण विंडोजमध्ये गेले तर रात्रीचे आठ वाजलेले असताना दुपारचे अडीच दाखवतंय. मशीनचा सेल गेला का?

टर्मिनलकाका
मंगळवार, रात्री १०:५५

ताई, शाब्बास! मनापासून.

सेल ठणठणीत आहे. आठ आणि अडीच, फरक किती? साडेपाच तास. आपली भारतीय वेळ जागतिक वेळेच्या नेमकी तेवढीच पुढे आहे. मशीनच्या आत एक घड्याळ असतं, लिनक्स त्यात जागतिक वेळ ठेवतं आणि दाखवताना साडेपाच मिळवतं, विंडोज त्याच घड्याळाला इथली वेळ समजतं. लिनक्सला सांगायचं की तूही इथलीच वेळ ठेव, एका ओळीची कमांड आहे, व्यनि (खासगी निरोप) केला आहे. आणि विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप बंद करून टाका, नाहीतर ते नीट बंद होत नाही, अर्धं झोपतं, आणि मिंटमधून विंडोजची डिस्क फक्त वाचता येते, लिहिता येत नाही.

देवासनाका
मंगळवार, रात्री ११:१०

अभिनंदन! आता पुढच्या महिन्यात जमलं तर ती फिरती डिस्क काढून एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवा. कुठलंही लिनक्स निवडून जेवढा वेग मिळतो त्याच्या कितीतरी पट त्या एका बदलाने मिळतो.

रामबागवाली
बुधवार, सकाळी ९:३०

काका, वेळ जुळली. एसएसडीचं मनावर घेते. माझ्याकडे शिकवणीच्या खोलीत एक कोअर टू ड्युओचा डेस्कटॉपही पडलाय, दोन जीबी रॅमचा, विंडोज ७ चा. त्यावर ३२ बिट लिहिलंय म्हणजे त्याला आता काही मिळणार नाही ना? डेबियन १३ ने पण ३२ बिटचं इन्स्टॉल बंद केलं असं वाचलं.

मुक्तबीएसडी
बुधवार, सकाळी ९:५५

बंद केलं हे खरं, ऑगस्ट २०२५ मध्ये. पण तुमच्या मशीनला त्याने फरक पडत नाही. कोअर टू ड्युओ ६४ बिटचाच असतो, त्यावर तेव्हा कुणी ३२ बिटचं विंडोज टाकलं म्हणून तसं दिसतंय. एमएक्सचं एक्सएफसीई किंवा अँटीएक्स पेन ड्राइव्हवरून लावून बघा. दोन जीबीत जिओजेब्रासारखं गणिताचं काही मुलांना दाखवण्यापुरतं चालेल, ब्राउझरची फार अपेक्षा ठेवू नका. चार जीबी केलीत तर उत्तम.

रामबागवाली
बुधवार, सकाळी ११:२०

अण्णांना इथे काही लिहायचंय, उठते मी खुर्चीवरून.

मी अण्णा. ही ओळ मी नव्या व्यवस्थेत स्वतः टाइप करीत आहे. वाऱ्यावर, दऱ्याखोऱ्या, सूर्य, पुऱ्या. चारही जमले. सर्व मंडळींचे आभार, विशेषतः ज्यांनी बहिणीच्या फोटोंची हकीकत सांगितली त्यांचे, ती गोष्ट सांगणे सोपे नसणार. जुनी पानेही उघडली, तीनशे बारा होती ती तीनशे एकोणीस झाली, मजकूर सगळा आहे. एक विचारायचे आहे, पानांचे क्रमांक खाली मध्यभागी कसे घालावेत? पूर्वी दुकानातला मुलगा घालून देत असे.

लेखणीवाला
बुधवार, सकाळी ११:३४

अण्णा, नमस्कार. वरच्या पट्टीत इन्सर्ट आहे, ते उघडा, त्यात पेज नंबर. एक चौकोन येईल, जागा खाली आणि मध्यभागी निवडा, ओके करा. पहिल्या पानावर नाव असेल आणि तिथे क्रमांक नको असेल तर सांगा, त्याची वेगळी रीत आहे, ती लिहितो.